छायाचित्रातील चेहरा : खरा किती, रंगवलेला किती?

छायाचित्र म्हणजे प्रकाशाने काढलेले चित्र. चित्रकार आपल्या मर्जीप्रमाणे रंगवील, एखाद्याला झुकते माप देईल. पण कॅमेरा समोर असेल तेच दाखवितो, असा समज लोकांत फार दिवसांपासून आहे. म्हणूनच परीक्षेच्या प्रवेशपत्रावर, मतदार ओळखपत्रावर, बँकेच्या पासबुकावर फोटो मागतात. माणूस आणि फोटो जुळला की काम होते.

परंतु आज ही जुळणी कितपत खरी राहिली आहे? मेढ्याच्या एस. टी. स्टँडपासून बाजारपेठेतून चालत गेले, तर वाढदिवसाचे, निवडीचे आणि अभिनंदनाचे फ्लेक्स दिसतात. त्यांवर दहा-पंधरा चेहरे ओळीने मांडलेले असतात. वयाने, रंगाने, कामाने ती माणसे वेगवेगळी; पण फ्लेक्सवर सर्वांची कातडी एकाच रंगाची आणि एकसारखी गुळगुळीत. उन्हापावसात भाताची लावणी करणारा शेतकरी आणि मुंबईत हमाली करणारा माथाडी कामगार हे दोघेही तेथे सावलीत वाढल्यासारखे दिसतात. या करामतीला रिटचिंग असे म्हणतात. रिटचिंग म्हणजे काय, ते केव्हा योग्य आणि केव्हा अयोग्य, याचा विचार प्रस्तुत लेखात करण्याचा प्रयत्न आहे.

रिटचिंगचा जुना इतिहास

संगणक आला आणि फोटो खोटे झाले, असे पुष्कळांना वाटते. ते बरोबर नाही. छायाचित्रणाचा शोध १८३९ साली जगापुढे आला. त्यानंतर सोळाच वर्षांनी, म्हणजे १८५५ साली, पॅरिसच्या प्रदर्शनात म्युनिकच्या फ्रान्झ हान्फश्टेंगल या छायाचित्रकाराने एकाच निगेटिव्हचे रिटचिंगपूर्वीचे आणि नंतरचे असे दोन फोटो मांडले होते, असे या कलेच्या इतिहासात सांगितले जाते.

हे काम कसे चाले? काचेच्या निगेटिव्हवर पातळ व्हार्निश लावीत. ती काच उताराच्या मेजावर ठेवून मागून उजेड घेत आणि सुईसारख्या टोकाच्या शिसपेन्सिलीने बारीक बारीक ठिपके देत. निगेटिव्हमध्ये सर्व उलटे असते. जेथे पेन्सिल लागेल तेथून छापताना उजेड कमी जातो आणि कागदावर तो भाग पांढरा उमटतो. अशा रीतीने सुरकुती, डाग, डोळ्यांखालचे काळे नाहीसे होत असे. उलट एखादा भाग काळा करावयाचा असेल, तर तेथील थर चाकूच्या टोकाने खरवडीत.

येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. त्या वेळच्या काचांना तांबडा रंग जवळजवळ दिसतच नसे. त्यामुळे चेहऱ्यावरची लालसर पुटकुळी किंवा तांबूस डाग प्रत्यक्षात असेल त्यापेक्षा फारच काळा उमटे. तो पुसणे म्हणजे काचेची चूक दुरुस्त करणे होते. म्हणजे रिटचिंगच्या मुळाशी एक रास्त कारणही होते. पुढे ते कारण मागे पडले आणि सवय मात्र राहिली.

आपल्याकडेही ही कला लवकर आली. १८५४ साली मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी निघाली आणि पुढच्याच वर्षी एल्फिन्स्टन संस्थेत छायाचित्रणाचा वर्ग सुरू झाला. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी आणि हरिश्चंद्र चिंतामण हे आपल्याकडील अगदी आरंभीचे छायाचित्रकार. चित्रपटाचे जनक दादासाहेब फाळके यांनीही चित्रपटाकडे वळण्यापूर्वी गोध्रा येथे फोटो स्टुडिओ चालविला होता. आपल्या सातारा जिल्ह्यातील औंधला वेदांच्या अभ्यासासाठी प्रसिद्ध झालेले पंडित सातवळेकर हे त्याआधी लाहोरला चित्रकला आणि छायाचित्रण यांवर चरितार्थ चालवीत असत. चित्रकार आणि छायाचित्रकार असा एकच माणूस असल्यामुळे फोटोवर कुंचला फिरविणे त्या काळी कोणाला वावगे वाटत नसे. संस्थानिकांच्या कृष्णधवल फोटोंवर रंग चढवून, दागिन्यांना सोनेरी करून ते दिवाणखान्यात लावीत. मात्र ते रंगविलेले आहेत हे पाहणाऱ्यास उघड दिसत असे. आजच्या रिटचिंगमध्ये आणि त्यात हा महत्त्वाचा फरक आहे.

संगणक आणि मोबाइल काय करतात?

डिजिटल फोटो हा लक्षावधी बारीक चौकोनांचा बनलेला असतो. प्रत्येक चौकोनाचा रंग तांबडा, हिरवा आणि निळा अशा तीन आकड्यांनी ठरतो आणि हे आकडे शून्यापासून २५५ पर्यंत असतात. चेहरा उजळ करणे म्हणजे हे आकडे वाढविणे. आकडा २५५ ला पोहोचला की पुढे वाढत नाही. म्हणून फोटो फार उजळला तर गालावरचे, कपाळावरचे सगळे बारकावे एकाच पांढऱ्यात बुडतात. असा फोटो त्याच नावाने पुन्हा साठविला, तर बुडालेले बारकावे परत आणता येत नाहीत.

कातडी गुळगुळीत करण्यासाठी शेजारशेजारच्या चौकोनांची सरासरी काढतात. सरासरी काढली की उंचसखलपणा जातो. वर्गातील सर्वांना सरासरीचे गुण दिले तर हुशार कोण आणि नापास कोण हे जसे कळणार नाही, तसेच हे आहे. सुरकुती, व्रण, तीळ, देवीचे वण, सारे त्या सरासरीत जाते.

फोटोशॉप हा प्रोग्राम थॉमस आणि जॉन नोल या दोन भावांनी तयार केला व तो १९९० साली बाजारात आला. २००० साली त्यात चेहऱ्याचा आकार ओढून-दाबून बदलण्याची आणि २००२ साली डाग आपोआप भरून काढण्याची सोय झाली. पूर्वी एका काचेवर तासन्‌तास बसावे लागे, ते काम मिनिटांवर आले. आता तर स्टुडिओत जाण्याचीही गरज नाही. पुष्कळ मोबाइलमध्ये चेहरा सुंदर करण्याची सोय असते आणि काहींत ती आधीपासून चालूच असते. म्हणजे फोटो काढणाऱ्याने काही न करताही चेहरा बदलतो.

गेल्या काही वर्षांत कृत्रिम बुद्धिमत्तेची भर पडली आहे. जुना, अंधूक, लहानसा फोटो दिला की ती तो मोठा आणि स्वच्छ करून देते. पण जे मूळ फोटोत नाहीच ते ती आणते कोठून? तिने हजारो इतर माणसांचे चेहरे पाहिलेले असतात. त्यांवरून अंदाज करून ती पापण्या, ओठ, कातडी भरते. म्हणजे आपल्या माणसाच्या फोटोत परक्यांचे अंश मिसळतात आणि आपल्याला ते कळतही नाही.

आजीचा फोटो

हा विषय मी का निवडला, ते येथे सांगणे योग्य होईल. माझी आजी दोन वर्षांपूर्वी वारली. आमची वाडी केळघरच्या बाजूला डोंगरात आहे. आजीचा स्वतंत्र असा फोटो कोणी कधी काढलाच नव्हता. मतदार ओळखपत्रावरचा एक आणि चुलत्याच्या लग्नात कडेला उभी असलेला एक, असे दोनच. तेराव्याच्या आधी भिंतीवर लावण्यासाठी फोटो हवा, म्हणून आण्णांनी लग्नातला फोटो एका स्टुडिओत दिला. दोन दिवसांत मोठी तसबीर आली. हार घातला, उदबत्ती लावली.

मुंबईहून आत्या आली. तिने तसबिरीपुढे हात जोडले आणि मग जवळ जाऊन पाहत राहिली. म्हणाली, "आयच्या कपाळावरचं गोंदान कुटं गेलं?"

तेव्हा आम्ही सर्वांनी नीट पाहिले. कपाळावरचे आणि हनुवटीवरचे गोंदण नव्हते. सुरकुत्या नव्हत्या. सरपणाच्या मोळीने डोक्याच्या पुढच्या भागातले केस विरळ झाले होते, ते दाट झाले होते. विटके लुगडे जाऊन जरीकाठाचे आले होते. फोटोतली बाई प्रसन्न होती. पण तिला मी कधी पाहिलेले नव्हते. आण्णा एवढेच म्हणाले, "राहू द्या. चांगला दिसतोय." आत्या काही बोलली नाही. दिवसकार्य होईपर्यंत ती त्या भिंतीकडे पाठ करून बसत होती.

नंतर मी त्या स्टुडिओत गेले. तेथील काकांनी माझे म्हणणे शांतपणे ऐकले. ते म्हणाले, "बाळ, आहे तसा फोटो दिला तर लोक परत आणून देतात. म्हातारी आजारी दिसते म्हणतात, काळी आली म्हणतात. लुगडं बदला, शर्टाच्या जागी कोट घाला, हे लोकच सांगतात. आणि गोंदण म्हणशील, तर ते मला डागच वाटले." त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. ज्या माणसाला आयुष्यभर चांगला कपडा मिळाला नाही, त्याला निदान फोटोत तरी तो मिळावा, असे घरच्यांना वाटते. ही माया आहे. तिला हसण्याचे कारण नाही. इंग्रज मानववंशशास्त्रज्ञ ख्रिस्तोफर पिनी यांनी मध्य प्रदेशातील नागदा येथील स्टुडिओंचा अभ्यास करून १९९७ साली पुस्तक प्रसिद्ध केले. माणूस रोज जसा असतो त्याहून वेगळा आणि बरा फोटोत दिसावा, अशी अपेक्षा घेऊन लोक स्टुडिओत येतात, हे त्यांनाही आढळले होते.

तरीपण प्रश्न उरतोच. जरीकाठाचे लुगडे देताना आजीचे गोंदण घेण्याचा अधिकार कोणाला होता? ते तिने लहानपणी सुई सोसून करून घेतले होते. सोनेनाणे चोरीला जाते, गोंदण तेवढे वर सोबत येते, असे ती आम्हांला सांगे. स्टुडिओतल्या काकांनी मूळ फोटो जपून ठेवला होता, ही त्यांची चांगली सवय. त्यांनी त्यावरून दुसरा फोटो केला. धूळ आणि ओरखडे काढले, अंधूकपणा थोडा कमी केला आणि बाकी काही केले नाही. त्याला पहिल्यापेक्षा वेळही कमी लागला. आता घरात तो फोटो आहे. आण्णांना पहिला आवडत होता, हेही खरे.

गोरेपणाचा हट्ट

रिटचिंगमध्ये सर्वांत जास्त मागणी गोरे करण्याची असते. याला एक तांत्रिक बाजूही आहे. कोडॅक कंपनीच्या रंगीत फिल्मचा रंग बरोबर आला की नाही, हे तपासण्यासाठी प्रयोगशाळांना एका गोऱ्या स्त्रीचा नमुना फोटो पाठवीत. तो 'शर्ली कार्ड' या नावाने ओळखला जाई. गोरी कातडी बरोबर आली की काम झाले, असे मानीत. त्यामुळे सावळ्या माणसांचे फोटो मळकट, काळपट येत. अलीकडे मोबाइल बनविणाऱ्या कंपन्यांनी ही उणीव मान्य केली. गूगलने २०२१ साली आपल्या फोनमध्ये सर्व वर्णांची कातडी आहे तशी दिसावी यासाठी खास सुधारणा केल्याचे जाहीर केले. सावळा रंग नीट उमटविणे ही दुरुस्ती आहे आणि सावळ्याला गोरे करणे ही बदली आहे. ही दोन कामे एकच समजू नयेत.

पण सगळा दोष फिल्मवर ढकलता येणार नाही. मांढरदेवच्या काळूबाईला आपण नवस बोलतो, पंढरीच्या सावळ्या विठ्ठलासाठी पायी चालतो आणि घरातल्या मुलीच्या बायोडाट्यावरचा फोटो मात्र "थोडा उजळ करा" असे सांगून आणतो. गोरेपणाचे एक प्रसिद्ध क्रीम १९७५ पासून आपल्या देशात विकले गेले. जाहिरातीत सावळ्या मुलीला अपयशी, दुःखी दाखवू नये, असा नियम जाहिरात क्षेत्रातील स्वनियंत्रण मंडळाने २०१४ साली केला आणि २०२० साली त्या क्रीमच्या नावातील 'फेअर' हा शब्द गेला. नाव बदलले, मागणी गेली असे म्हणता येत नाही.

माझ्या थोरल्या बहिणीचेच उदाहरण देते. तिचा स्थळासाठी काढलेला फोटो उजळ करून आला. तिला कोणी विचारले नव्हते. पाहुणे आले, कांदेपोहे झाले आणि निघताना त्यांच्यातील एक बाई माझ्या आईला म्हणाल्या, "फोटोत उजळ वाटली होती." नकार येणार हे तेव्हाच कळले. आक्काचा रंग आईसारखा आहे, तिने बी. एस्सी. केले आहे, ती भाताची लावणी माझ्यापेक्षा दुप्पट वेगाने करते. पण त्या दिवशी तिची तुलना दुसऱ्या मुलीशी झाली नाही, तर तिच्याच खोट्या फोटोशी झाली आणि त्यात ती हरली. आता तिच्या बायोडाट्याला परसात काढलेला साधा फोटो जोडलेला आहे. या फोटोवर स्थळे कमी येतात, अशी मध्यस्थांची तक्रार आहे. येतात ती बघून येतात, असे आक्काचे म्हणणे आहे.

आपल्याच फोटोशी अशी तुलना मनाला अपाय करते, हे डॉक्टरही सांगतात. अमेरिकेतील बोस्टन येथील त्वचारोगतज्ज्ञांनी २०१८ साली एका वैद्यकीय नियतकालिकात लिहिले की, मोबाइलने बदललेल्या आपल्या चेहऱ्यासारखा खरा चेहरा करून मागणारे रुग्ण शस्त्रक्रियेसाठी येऊ लागले आहेत. पूर्वी लोक नटनट्यांचे फोटो घेऊन येत. आता स्वतःचाच फोटो घेऊन येतात.

जगात काय उपाय झाले?

अमेरिकेतील 'टाइम' साप्ताहिकाने जून १९९४ मध्ये ओ. जे. सिम्पसन या कृष्णवर्णीय खेळाडूचा पोलिसांनी काढलेला फोटो मुखपृष्ठावर अधिक काळा करून छापला. त्याच आठवड्यात 'न्यूजवीक' साप्ताहिकाने तोच फोटो न बदलता छापला. दोन्ही अंक शेजारी दिसल्यामुळे लबाडी उघडी पडली आणि मोठी टीका झाली. आरोपीला अधिक काळे करणे आणि वधूला अधिक गोरे करणे यांच्यामागे एकच समजूत आहे, हे यावरून लक्षात येते.

ब्रिटनमध्ये २०११ साली ज्युलिया रॉबर्ट्स आणि क्रिस्टी टर्लिंग्टन यांच्या सौंदर्यप्रसाधनांच्या दोन जाहिराती तेथील नियामक मंडळाने थांबविल्या. प्रसाधनाचा परिणाम किती आणि रिटचिंगचा किती, हे कंपनीला पटवून देता आले नाही. इस्रायलने २०१२ साली कायदा करून, जाहिरातीतील मॉडेलचे शरीर फोटोत बदलले असेल तर तसे छापणे बंधनकारक केले. फ्रान्समध्ये ऑक्टोबर २०१७ पासून आणि नॉर्वेत जुलै २०२२ पासून असेच नियम लागू झाले. या कायद्यांनी रिटचिंगवर बंदी घातलेली नाही. केले असेल तर सांगा, एवढेच त्यांचे म्हणणे आहे.

मर्यादा कोठे आखावी?

वरील विवेचनावरून मला तीन कसोट्या सुचतात.

पहिली कसोटी अशी की, जे आठ दिवसांनी आपोआप जाणार आहे ते काढावयास हरकत नाही. पुटकुळी, उडालेला केस, घामाची चकाकी, फोटोवरची धूळ ही माणसाची ओळख नव्हे. पण तीळ, व्रण, गोंदण, सुरकुती, कातडीचा रंग ही त्याची ओळख आहे. तिला हात लावू नये.

दुसरी कसोटी परवानगीची. चेहरा ज्याचा, त्याला विचारावे. मृत माणसाच्या बाबतीत ज्यांनी त्याला जवळून पाहिले आहे त्यांना विचारावे. कोणता फोटो ठरवावा हे आत्याला विचारले असते, तर गोंदण राहिले असते.

तिसरी कसोटी उपयोगाची. घरच्या हौसेसाठी कोणी काही करावे. पण जेथे फोटो पुरावा म्हणून वापरला जातो तेथे बदल करू नये. पासपोर्टच्या आंतरराष्ट्रीय निकषांतही फोटोत फेरफार चालत नाही. आधारचा फोटो तर केंद्रातच काढतात. आपण सर्व त्याला हसतो, पण तेथे कोणाच्या मर्जीने चेहरा बदलत नाही. छायाचित्रकार नारायण विनायक विरकर यांनी लोकमान्य टिळकांचे फोटो काढले, तसेच जालियनवाला बागेच्या भिंतींवरील गोळ्यांच्या खुणांचेही काढले. ती भोके कोणी डाग समजून साफ केली असती, तर १९१९ सालच्या त्या हत्याकांडाचा एक साक्षीदार गेला असता. माणसाच्या चेहऱ्यावरच्या खुणाही अशाच साक्षीदार असतात.

इतिहासाच्या विद्यार्थ्यांना आणखी एक उदाहरण उपयोगी पडेल. छत्रपती शिवाजी महाराजांचे चित्र म्हणून एके काळी भलत्याच व्यक्तीचे चित्र पुस्तकांतून छापले जात होते. इतिहाससंशोधक वा. सी. बेंद्रे यांनी १९३३ साली महाराजांचे समकालीन चित्र उजेडात आणले, तेव्हा ती चूक सुधारली. जुने चित्र कोठेतरी न बदलता शिल्लक होते, म्हणून हे शक्य झाले. आज कर्मवीर भाऊराव पाटलांचे, महात्मा फुल्यांचे कृत्रिम बुद्धिमत्तेने रंगविलेले, तरुण केलेले फोटो जयंतीच्या दिवशी मोबाइलवर फिरतात. ते पाठविणाऱ्यांची भावना चांगली असते. परंतु मूळ फोटो मागे पडून हेच सर्वत्र झाले, तर पन्नास वर्षांनी खरे कोणते हे शोधण्यासाठी नव्या बेंद्र्यांना फार कष्ट पडतील.

यावर आपल्यासारख्या विद्यार्थ्यांना काय करता येईल? घरातील जुन्या फोटोंच्या मूळ प्रती सांभाळाव्या. फोटो सुधारावयाचा झाल्यास त्याची नक्कल करून तिच्यावर काम करावे आणि मूळ वेगळे ठेवावे. मोबाइलमधील चेहरा सुंदर करण्याची सोय बंद करून निदान एक फोटो घ्यावा. याशिवाय माझी एक सूचना आहे. जावळी तालुक्यातील वाड्यावस्त्यांवर अजून कितीतरी वृद्ध स्त्रीपुरुष असे आहेत, की ज्यांचा ओळखपत्राखेरीज एकही फोटो नाही. राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिराला आपण जातो, तेव्हा त्यांची परवानगी घेऊन, सकाळच्या उजेडात, ओसरीवर बसवून त्यांचे साधे फोटो काढावे. मागे नाव, गाव आणि तारीख लिहावी. एक प्रत त्या घरी द्यावी, एक महाविद्यालयाच्या ग्रंथालयात ठेवावी. पुढील वर्षाच्या शिबिरापासून हे काम सुरू करता येईल, आणि त्यासाठी आपल्या खिशातला मोबाइल पुरेसा आहे.